आहेराची वही, तारणाची पावती आणि तिच्या नावावरचं दुकान

२०२४ च्या आखाजीनंतर (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर) तिसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन जळगावात माझ्या ऑफिसात आली. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. त्या वर्षी झोक्यावर न बसता तिनं वडिलांना सगळं सांगून टाकलं होतं. वडील एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. खुर्चीत बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "माय, वकिलाच्या आधी तुझ्याकडे आणलं हिले. बरोबर केलं ना?"

मी करसल्लागार आहे. कोर्टात काय मांडायचं ते वकिलानं ठरवावं. पण गेल्या काही वर्षांत मला एक दिसत आलंय. घटस्फोटात बाईच्या हातात शेवटी काय पडतं, ते बरंचसं अर्ज दाखल व्हायच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत ठरतं. त्या काळात कागद घरात असतात, नवरा निर्धास्त असतो आणि बँकेतला माणूस "वहिनी, या" म्हणत असतो. एकदा नोटीस गेली की कपाटाच्या किल्ल्या फिरतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते. तिची परवानगी आहे. गाव आणि काही आकडे बदलले आहेत, नाव मुळीच देत नाही.

वय ३८. बी.ए., बी.एड. जळगावात एका खासगी शाळेत पगार महिना ११,००० रुपये. लग्न २००८ चं, मुलगी १४ वर्षांची, मुलगा १० वर्षांचा. माहेर यावल तालुक्यात, सासर फैजपूरच्या बाजूला. नवऱ्याचं कृषी केंद्र म्हणजे खतं-औषधांचं दुकान, आणि सासऱ्यांच्या नावावर आठ एकर केळीची बागायत. मुलांच्या शिक्षणासाठी २०१६ मध्ये जळगावात फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर, कर्जावर. ती मुलांना घेऊन तिथे राहायची, नवरा जाऊन-येऊन. २०२३ च्या दिवाळीपासून त्याचं येणं थांबलं. भांडणाचं कारण इथे लिहीत नाही, हिशेबाला ते लागत नाही.

बापलेकींचा समज असा होता: फ्लॅट निम्मा, दुकान निम्मं, शेतीतही काहीतरी. हा समज मला दहातल्या नऊ बायकांकडून ऐकायला मिळतो. आपल्याकडे लग्नानंतर कमावलेलं सगळं घटस्फोटात अर्धं-अर्धं होतं असा कायदाच नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याची ती. बायकोला मिळतं ते स्त्रीधन, पोटगी, मुलांचा खर्च, राहण्याचा हक्क, आणि जिथे तिचं नाव किंवा तिचा पैसा दाखवता येतो तिथला तिचा हिस्सा. सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर सुनेला घटस्फोटात वाटा मागता येत नाही. हे ऐकून वडील गप्प झाले. तिनं मात्र पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलून टेबलावर रिकामी केली.

पिशवीत लग्नाचा अल्बम होता, लग्नातली आहेराची वही होती, तीन पासबुकं होती (त्यातलं एक २०१९ नंतर भरलेलंच नाही), एका बँकेची सोनं तारण ठेवल्याची पावती होती आणि मुलीच्या सुकन्या खात्याचं पुस्तक होतं. अल्बमच्या प्लॅस्टिकच्या पानात घडी घालून ठेवलेली याद, म्हणजे देण्याघेण्याची यादीदेखील होती. साखरपुड्याला दोन्हीकडच्या मंडळींनी बसून लिहिलेली आणि सह्या केलेली.

आधी मोबाईल

मी तिला पहिल्यांदा सोन्याबद्दल काही विचारलं नाही. "तुझ्या आधारला नंबर कोणाचा जोडलाय?" असं विचारलं. नंबर नवऱ्याचा होता. पॅनला त्याचाच, दोन बँकांतही त्याचाच. म्हणजे तिनं काहीही काढायला गेलं की ओटीपी त्याच्या खिशात वाजणार.

म्हणून क्रम असा लावला. स्वतःच्या नावाचं नवीन सिमकार्ड, ते वडिलांच्या जुन्या साध्या फोनमध्ये. मग आधार केंद्रात स्वतः जाऊन, अंगठा देऊन नंबर बदलणं. याला दुसरा कोणताही पुरावा लागत नाही. मग आधारच्या ओटीपीवर आयकराच्या पोर्टलचा पासवर्ड नव्याने. मग एका राष्ट्रीयीकृत बँकेत एकटीच्या नावाचं खातं आणि शाळेला अर्ज, की पुढचा पगार तिथे जमा करा. नवीन ईमेल. या सगळ्याला अकरा दिवस लागले. दिसायला किरकोळ काम, पण हे झालं नसतं तर पुढचं काहीच कळलं नसतं.

हातात खर्चाला काही हवं होतं. तिची शाळेतल्या बायकांबरोबर बारा जणींची भिशी होती, महिना ५,०००. तिनं मैत्रिणीशी बोलून जूनचा नंबर स्वतःकडे घेतला. ६०,००० रुपये नव्या खात्यात आले. घरखर्चाची वही ती आधीपासून ठेवत होती: दूध, किराणा, शाळेची फी, रिक्षा, लाइटबिल, मुलाच्या दम्याची औषधं. फ्लॅटचा हप्ता सोडून महिना ३१,००० च्या आसपास. म्हणजे हातात जेमतेम दोन महिन्यांची सोय. मला सहा महिन्यांची हवी होती. उरलेल्याची जबाबदारी भावानं घेतली.

जे पिशवीत नव्हतं

पोर्टल उघडलं तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. तिच्या पॅनवर मागची सहा वर्षं विवरणपत्रं भरलेली. शेवटच्या वर्षी उत्पन्न ५ लाख ८० हजार, व्यवसायातून.

"ताई, हे कोणाचं आहे?"

तिचंच होतं. कृषी केंद्राची मालक कागदोपत्री तीच होती. जीएसटी नंबर तिच्या पॅनवर, परवाना तिच्या नावानं. क्रेडिट ब्युरोचा रिपोर्ट काढला (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो), त्यात तीन कर्जं निघाली. एक फ्लॅटचं. दुसरं दुकानाचं कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करायचं कर्ज, मर्यादा १५ लाख, त्या दिवशी उचल १३ लाख ६० हजार, कर्जदार ती. तिसरं दिराच्या ट्रॅक्टरचं, तिथे ती जामीनदार. सह्या केल्याचं तिला आठवत होतं. "सोसायटीचे कागद आहेत, इथे कर, इथे कर" असं म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर घेतलेल्या सह्या.

याचे अर्थ दोन, आणि दोन्ही वाईट. पोटगी मागायला गेली की समोरचा वकील विवरणपत्र दाखवून म्हणणार, बाई वर्षाला सहा लाख कमावतात. आणि एकल मालकीच्या धंद्यात मालकाची जबाबदारी दुकानापुरती राहत नाही. बँक बुडीत कर्जासाठी येईल ती तिच्याकडे, जीएसटीची नोटीस येईल तीही तिच्याच नावानं. घटस्फोटाच्या हुकुमाने बँकेचं कर्ज फिटत नाही. नवरा-बायकोत काय ठरलं याच्याशी बँकेला कर्तव्य नसतं.

इथे माझ्याच धंद्याबद्दल बोलायला हवं. घरातल्या बाईच्या नावावर दुकान दाखवायचं, तिचा पॅन वापरायचा, ओटीपी नवऱ्याला विचारायचा, हे आम्ही करसल्लागार सर्रास करतो. मीही केलंय. अशा बायकांची विवरणपत्रं मी त्यांचा चेहरा न बघता भरलेली आहेत. त्या दुपारी मला तिच्यापेक्षा जास्त घाम फुटला होता. आता कोणत्याही बाईचं विवरणपत्र तिच्याशी फोनवर तरी बोलल्याशिवाय मी भरत नाही; दोन-तीन गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली.

काही लपवायचं नाही असं ठरलं. विवरणपत्रावर सही तिची आहे, ते नाकारून चालणार नव्हतं. त्याऐवजी खात्याचा सहा वर्षांचा उतारा काढला. खातेदार म्हणून तो तिला मागता येत होताच. उताऱ्यात दिसत होतं की यूपीआय नवऱ्याच्या नंबरवर, रोख उचल दर आठवड्याला फैजपूरच्या शाखेतून, आणि त्याच दिवशी ती जळगावच्या शाळेत हजेरीपटावर. तिच्या वैयक्तिक खात्यात दुकानातून सहा वर्षांत एकही रक्कम आलेली नाही. हे तक्त्यात मांडून वकिलांना दिलं. बँकेला पत्र दिलं की यापुढे कर्जदाराच्या लेखी संमतीशिवाय उचल देऊ नये. त्या पत्राची पोच घ्यायला तिला तीनदा जावं लागलं. साहेब म्हणत होते, "वहिनी, घरातलं घरात मिटवा ना." चौथ्यांदा नोंदणीकृत टपालानं पाठवलं.

सोनं ग्रॅममध्ये

जळगाव हे सोन्याचं गाव, त्यामुळे इथे प्रत्येक घरात सोन्याचा हिशेब तोंडी असतो आणि कागदावर नसतो. २००८ च्या पावत्या हरवल्या होत्या. पण यादीत माहेरचं १२ तोळे आणि सासरचं ५ तोळे, दागिन्यांच्या नावांसकट लिहिलेलं: पाटल्या, तोडे, गोफ, पोहेहार. लग्नातल्या भेटींची सह्यांसह यादी करायची असा १९८५ चा केंद्राचा नियमच आहे. तो कोणी पाळत नाही, पण आमच्या रीतीतली याद नकळत तेच काम करून जाते. सोबत अल्बममधले फोटो. एका रविवारी आम्ही फोटो आणि याद समोरासमोर ठेवून एकेक दागिना जुळवला. वडिलांना पाटल्या कोणत्या पेढीवरून घेतल्या ते आठवत होतं, गोफाचं मात्र काही केल्या आठवेना.

१७ तोळ्यांपैकी ७ तोळे बँकेच्या जोड लॉकरमध्ये, २ तोळे अंगावर, ६ तोळे नवऱ्याच्या नावानं तारण. उरलेले २ तोळे २०१९ मध्ये ट्रॅक्टरच्या वेळी मोडले होते, तिच्या संमतीनं. ते तिनं मागितले नाहीत. मी आग्रहही केला नाही.

लॉकरबाबत माझं आणि वकिलांचं जमत नव्हतं. मी म्हणत होते, माहेरचं सगळं काढून घे. वकील म्हणाले, काढा, पण त्याच दिवशी वजनासह यादी करून नवऱ्याला कळवा, नाहीतर उद्या "सगळं घेऊन गेली" हा आरोप येईल. त्यांचं बरोबर होतं. तिनं आईबरोबर जाऊन यादीतल्या माहेरच्या दागिन्यांपैकी लॉकरमध्ये होते तेवढे काढले, सराफाकडे वजन करून चिठ्ठी घेतली. सासरचे जागच्या जागी ठेवले आणि फोटो काढले. लग्नात बाईला मिळालेलं सोनं, मग ते कोणीही दिलेलं असो, तिचंच. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८५ पासून सांगितलंय. पण कोणाकडे काय आहे याची भांडणं कमी झालेली बरी.

पुढे तडजोडीत नवऱ्यानं तारणातल्या ६ तोळ्यांचे ४ लाख ३२ हजार देऊ केले, म्हणजे २०२४ च्या आखाजीचा भाव, तोळ्याला ७२ हजार. वडील हो म्हणायच्या बेतात होते. मी एवढंच लिहून घ्यायला सांगितलं: सोनं सोन्यातच परत, वजन ग्रॅममध्ये. जून २०२५ मध्ये तारण सोडवून दागिने तिच्या हातात आले तेव्हा भाव लाखाला टेकला होता.

केळीचं उत्पन्न कसं दाखवायचं

पगारदार नवरा असता तर पगारपत्रक मागवून काम झालं असतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्रही नाही. केळीचा पैसा व्यापाऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या चिठ्ठीवर येतो आणि बराचसा रोख फिरतो. नवऱ्याचं म्हणणं अपेक्षित होतं: शेत वडिलांचं, दुकान बायकोचं, मी नुसता राबतो.

तिला शेतीतलं माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मृगबाग किती, कांदेबाग किती (हे केळी लावायचे दोन हंगाम), कोणत्या महिन्यात कटाई, हे तिनं तोंडपाठ सांगितलं. सातबारा ऑनलाइन कोणालाही बघता येतो. त्यावरच्या पीकपाहणीत आठ एकर केळी लागोपाठ तीन वर्षं नोंदलेली. फ्लॅटचा १७,४०० रुपयांचा हप्ता, मुलांची फी, गाडीचा हप्ता हे सगळं ज्या खात्यातून जात होतं, त्या जोड खात्याचा उतारा तिच्याकडे होताच. ज्याला काही उत्पन्न नाही, त्याच्या खात्यातून महिना ४० हजार जातात कुठून? हा प्रश्न कोर्टासाठी पुरेसा असतो. त्याचा मोबाईल उघडून बघ, दुकानातून वह्या उचलून आण, असले सल्ले नातेवाइकांनी दिले. ते तिनं ऐकले नाहीत हे फार बरं झालं.

जुलै २०२४ मध्ये पोटगीचा अर्ज दाखल झाला, त्याच महिन्यात लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तिचं शपथपत्र ६३ पानांचं झालं, दुकानाची गोष्ट त्यात पहिल्याच पानावर. नवऱ्याला दोन तारखा झाल्या तरी भरता येईना. खरं लिहावं तर दुकान त्याचं ठरतं, खोटं लिहावं तर बँकेचा उतारा समोर. ऑक्टोबरमध्ये त्याचे मामा तडजोडीचं बोलायला आले.

(कोर्ट फीबद्दल बऱ्याच जणी विचारतात, म्हणून इथेच सांगते. महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळायला स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.)

तडजोडीचा कागद

परस्पर संमतीचा अर्ज डिसेंबर २०२४ मध्ये झाला, वेगळं राहून वर्ष उलटल्यावर. त्यानंतर कोर्टात दुसऱ्यांदा जबाब देईपर्यंतची सहा महिन्यांची मुदत काही प्रकरणांत माफ होते, २०१७ चा तसा निकाल आहे. नवऱ्याला घाई होती. मला मात्र तेच सहा महिने हवे होते, कारण कर्जं तेवढ्यात फेडून घ्यायची होती.

पहिली अट दुकानाची. कॅश क्रेडिट पूर्ण भरून बँकेचं ना-देय प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय दुसऱ्या वेळी जबाब द्यायचा नाही. नवऱ्यानं भावाच्या नावानं नवा जीएसटी नंबर आणि परवाना काढला, माल तिकडे बिलानं वळवला, एक प्लॉट विकून कर्ज फेडलं. मग तिचा नंबर रद्द करायचा अर्ज आणि शेवटचं विवरण मी भरलं.

फ्लॅटवर आमचं खरं भांडण झालं, तिचं आणि माझं. कर्ज ११ लाख शिल्लक; मी म्हणत होते विकून टाका, पैसे वाटून घ्या. तिला शाळेजवळचं घर सोडायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की प्लॉटच्याच पैशातून नवरा कर्ज फेडेल आणि आपला अर्धा हिस्सा तिला बक्षीसपत्रानं देईल. त्या बदल्यात एकरकमी पोटगी १८ लाखांऐवजी १२ लाख. इथे वेळेला महत्त्व होतं. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, वरचे अधिभार वेगळे. पण ती कायद्यानं पत्नी असेपर्यंतच. म्हणून दस्त दुसऱ्या जबाबाच्या चार दिवस आधी नोंदवला. त्या चार दिवसांत समोरच्या वकिलांना झोप लागली नसावी, कारण हिनं संमती मागे घेतली असती तर घर गेलं होतं.

मसुद्यात एक वाक्य हळूच आलं होतं: "पत्नी व मुलांचा वडिलोपार्जित मिळकतीत कोणताही हक्क राहणार नाही." पत्नीचं ठीक, घटस्फोटानंतर ती वारस उरत नाही. पण आईबापांच्या घटस्फोटानं मुलांचं नातं तुटत नाही. मुलीलाही जन्मानेच हक्क आहे, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून. अल्पवयीन मुलांचे हक्क आपल्या सोयीसाठी सोडून देता येत नाहीत. वाक्य खोडलं. मुलांचा खर्च वेगळ्या कलमात घेतला, दोघांचा मिळून महिना १०,०००, दरवर्षी वाढ. सुकन्या खातं वडिलांच्या पालकत्वाखाली होतं, म्हणून त्यातून मुलीच्या शिक्षणाशिवाय पैसे काढायचे नाहीत हेही लिहून घेतलं.

एकरकमी की दरमहा, यावर वडिलांना दरमहा बरं वाटत होतं, "हप्ता लागला की बांधून राहतो." एकरकमी पोटगी भांडवली रक्कम मानली जाते, दरमहाची उत्पन्नात धरतात. पण तिच्या उत्पन्नात कराचा फारसा प्रश्न नव्हता. प्रश्न केळीच्या भावाचा होता. वादळानं बाग झोपली की पोटगी झोपणार, आणि मग दरवेळी वसुलीचा अर्ज. १२ लाख घेतले, डिमांड ड्राफ्टनं, कोर्टात.

भावाच्या ओळखीच्या पतसंस्थेत एक टक्का व्याज जास्त मिळत होतं. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांनी किती घरं धुतली हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत गेले, ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५० रुपये. ३ लाख बँकेत. नवऱ्याच्या आरोग्य विम्यातून ती बाहेर पडणार म्हणून तिची आणि मुलांची पॉलिसी आधीच काढली होती. तिच्या एलआयसीवर वारस म्हणून नवऱ्याचं नाव तसंच राहिलं होतं, ते माझ्याकडून सुटलं. दोन महिन्यांनी तिलाच आठवलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दिराच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ती जामीनदार आहे. बदली जामीनदार दिल्याशिवाय बँक तिला मोकळं करत नाही, आणि दीर देत नाही. तडजोडीत लिहिलंय की हप्ते थकले तर नवरा भरेल, पण ते त्या दोघांतलं झालं. बँक त्याला बांधील नाही. कर्ज २ लाख ९० हजारांवरून १ लाखाच्या खाली आलंय. हप्ता कटाईच्या सुमारास भरला जातो, एखाद्या वेळी पंधरा-वीस दिवस उशिरा. ती तीन-चार महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढते. मागच्या वेळी माझ्याकडे न येता स्वतःच्या मोबाईलवर काढला, आणि उशिराच्या नोंदीखाली लाल पेनानं रेघ मारून त्याचा फोटो थेट दिराला पाठवला.